हलकी रायफल, जड धक्का

‘मूल लहान आहे, मग रायफलही लहान आणि हलकी घ्या.’ अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की बंदुकांच्या दुकानांत हा सल्ला हमखास मिळतो. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. त्यातला ‘लहान’ हा भाग बरोबर आहे, ‘हलकी’ हा भाग मात्र न्यूटनच्या तिसऱ्या नियमाशी थेट भांडण काढणारा आहे. या चुकीची किंमत मुलाच्या खांद्याला मोजावी लागते आणि नेम चुकला तर हरणालाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती रायफल ही कल्पनाच अनेकांना दचकवेल. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात चित्र वेगळं आहे. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा शिकार हा अधिकृत मार्ग आहे. दरवर्षी काही लाख हरणं परवान्यावर मारली जातात आणि त्यांचं मांस घरोघरी खाल्लं जातं. मुख्य हंगाम नोव्हेंबरात नऊ दिवसांचा, त्याआधी ऑक्टोबरात दोन दिवस खास मुलांसाठी. शिकारीचं प्रशिक्षण न घेतलेल्या नवशिक्याबरोबर जाणकार मोठा माणूस असावा लागतो, तोही हात पुरेल इतक्या अंतरावर. शिकार योग्य की अयोग्य हा वाद मी इथे काढत नाही. ती करायचीच असेल तर पहिली गोळी अचूक लागली पाहिजे, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत व्हावं. त्या अचूकतेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रायफलचा धक्का.

बार उडण्याआधी सगळं स्थिर असतं, म्हणजे एकूण संवेग शून्य. बार उडाल्यावर गोळी पुढे जाते, तेव्हा बेरीज शून्यच राहावी म्हणून रायफल मागे येते. .30-06 स्प्रिंगफील्ड हे 1906 पासूनचं अमेरिकी काडतूस घेऊ. अनेक घरांत वडिलांची रायफल याच काडतुसाची असते. गोळी 11.7 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 823 मीटर, म्हणजे गोळीचा संवेग 9.6 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. शाळेतलं गणित इथेच थांबतं. खरी गंमत पुढे आहे, कारण या हिशेबात एक मोठी वस्तू राहून गेली: दारू.

काडतुसात साडेतीन ग्रॅमच्या आसपास दारू असते. जळाली म्हणजे ती नाहीशी होत नाही. तेवढ्याच वस्तुमानाचा तप्त वायू होतो आणि तोही नळीच्या तोंडातून पुढेच जातो. गोळी नळीत असताना वायूचा मागचा थर जवळपास स्थिर, तर पुढचा थर गोळीच्या वेगाने धावणारा, म्हणजे सरासरी वेग गोळीच्या निम्मा. मग गोळी नळीचं तोंड सोडते, बूच निघतं. त्या क्षणी आत अजून काही शे वातावरणांइतका दाब शिल्लक असतो. आता वायूला अडवायला पुढे कोणीच नाही. तो गोळीलाही मागे टाकत उसळतो. हिशेब करणारे सर्वसाधारण रायफलसाठी त्याचा सरासरी वेग गोळीच्या पावणेदोनपट धरतात. आपल्या उदाहरणात हा वेग 1,440 मीटर प्रतिसेकंद येतो आणि त्या साडेतीन ग्रॅम वायूचा संवेग 5.1. म्हणजे खांद्यावर येणाऱ्या एकूण 14.7 पैकी एक तृतीयांशाहून जास्त वाटा गोळीचा नाहीच, तो वायूचा आहे. रायफल त्या क्षणापुरतं एक छोटं रॉकेट असते आणि रॉकेट आपल्या खांद्याकडे ढकललं जातं.

हे एकदा लक्षात आलं की काडतुसांकडे बघायची नजर बदलते. .243 विंचेस्टर हे 1955 मध्ये बाजारात आलेलं आणि मुलांसाठी सर्रास सुचवलं जाणारं काडतूस. गोळी साडेसहा ग्रॅमची, वेग 900 मीटर. इथे गोळीचा संवेग 5.8 आणि वायूचा 4.3. बारीक नळीतून हलकी गोळी जोरात फेकायला गोळीच्या मानाने बरीच दारू लागते, म्हणून वायूचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जातो. 2019 मध्ये आलेलं .350 लेजंड याच्या उलट आहे. गोळी .30-06 इतकी जड, पण वेग 640 मीटर आणि दारू दीड ग्रॅमच्या आसपास. रुंद नळीत वायूला ढकलायला मोठं क्षेत्रफळ मिळतं, थोड्या दारूत काम भागतं आणि वायूचा वाटा जेमतेम एक पंचमांश उरतो. जड गोळी असूनही त्याचा धक्का .243 पेक्षा थोडा कमीच भरतो. मात्र ही गोळी लवकर मंदावते, दीडशे-पावणेदोनशे मीटरच्या आतलंच तिचं काम.

आता वजनाकडे येऊ. संवेग दोन्हीकडे सारखा वाटला जातो, ऊर्जा मात्र वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणून गोळीला जवळजवळ 3,950 ज्यूल मिळतात आणि 3.6 किलोच्या रायफलला 30. रायफलची ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमानाची दुप्पट. वर्ग असल्यामुळे संवेग थोडा उतरला तरी धक्का बराच उतरतो. त्याच वजनाच्या रायफलमध्ये .243 ची गोळी 2,600 ज्यूल घेऊन निघते, म्हणजे दोन तृतीयांश, पण धक्का 30 वरून 14 ज्यूलवर, निम्म्याहून खाली. मुलासाठी हा सौदा फायद्याचा आहे.

पण छेदात वस्तुमान आहे, आणि दुकानातला सल्ला नेमका इथे घात करतो. तेच .243 अडीच किलोच्या ‘यूथ’ रायफलमध्ये घाला. धक्का 14 वरून 20 ज्यूलवर चढतो. रायफल मागे येण्याचा वेग सेकंदाला चार मीटर होतो, आणि वडिलांच्या 3.6 किलोच्या .30-06 चा वेगही तेवढाच आहे! 2007 मधलं 6.5 क्रीडमूर हे .243 हून दणकट काडतूस पूर्ण वजनाच्या रायफलमध्ये साडेसतरा-अठरा ज्यूल देतं, म्हणजे हलक्या .243 पेक्षा कमी.

मुलाला जड रायफल पेलणार कशी? पेलायची गरजच नसते. मूल मचाणात किंवा लाकडी खोपटात बसलेलं असतं, रायफल कठड्यावर किंवा तिकाटण्यावर टेकवलेली असते, आणि तिथपर्यंत ती मोठा माणूस वाहून नेतो. जड नळी कमी थरथरते हा आणखी फायदा. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये 2024 साली कांस्यपदक मिळवलं त्या 50 मीटर रायफल प्रकारात आठ किलोपर्यंतची रायफल चालते, आणि तिथलं .22 काडतूस एक दशांश ज्यूलचाही धक्का देत नाही. वजन तिथे स्थिरतेसाठीच असतं.

जाहिरातींतल्या ‘नॉकडाऊन पॉवर’बद्दलही इथेच बोललं पाहिजे. गोळी जनावराला उचलून आपटते, म्हणून मोठं काडतूस घ्या, असा हा प्रचार. गोळीचा 9.6 संवेग 70 किलोच्या हरणाने पूर्ण शोषला तरी त्याला सेकंदाला 14 सेंटिमीटरचा वेग मिळेल, गोगलगायीहून जास्त पण चालण्याहून कितीतरी कमी. पडद्यावर गोळी लागून माणसं मागे उडतात ती दोरीने ओढलेली असतात. तसं खरंच होत असतं तर गोळी मारणाराही तितक्याच जोरात उडाला असता. हरीण पडतं ते हृदय-फुप्फुसं फाटून रक्तदाब कोसळल्यामुळे, आणि तो भाग जेमतेम वीत-सव्वा वीत रुंदीचा असतो. तिथे लागलेली .243 ची गोळी पोटात लागलेल्या .30-06 पेक्षा हजार पटींनी बरी.

मग धक्क्याने नेम चुकतो म्हणजे नेमकं काय होतं? गोळीला 60 सेंटिमीटरची नळी पार करायला एक-सव्वा मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात रायफल मागे सरकते ती सुमारे दोन मिलिमीटर. दचकून पापणी मिटायलाच चाळीसेक मिलिसेकंद लागतात. म्हणजे धक्का जाणवेपर्यंत गोळी कधीच निघून गेलेली असते, झालेल्या धक्क्याला दचकून त्याच गोळीचा नेम बिघडूच शकत नाही. बिघडवते ती पुढच्या धक्क्याची धास्ती. एकदा खांदा दुखला की मेंदू दुसऱ्या वेळी चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो, आणि नळीचं तोंड खाली झुकतं. खऱ्या काडतुसांत मुलाला न सांगता एखादं नकली काडतूस मिसळलं की हे उघड दिसतं: बार होत नाही, पण नळी तरीही खाली झुकते. ही सवय दोन-चार बारांत लागते आणि मोडायला महिने जातात.

या धास्तीला आवाजही तितकाच कारणीभूत असतो, म्हणून मझल ब्रेकबद्दल माझं मत ठाम आहे. नळीच्या तोंडाशी बसवलेलं हे छिद्रांचं टोपण वायूला बाजूला व मागे वळवतं. रॉकेटचा वाटा कापला जातो आणि धक्का निम्म्यापर्यंत उतरू शकतो. .243 सारख्या वायूचा वाटा जास्त असलेल्या काडतुसात तर ब्रेक विशेष चालतो. पण तोच वायू आवाजासह मुलाच्या आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाकडे येतो. रायफलचा बार एरवीच 150 डेसिबलच्या वर असतो आणि एका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. मुलाच्या रायफलवर ब्रेक नको. कायदा परवानगी देतो तिथे सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारा सायलेन्सर घ्यावा. तो वायूला आतच मंदावतो, धक्का आणि आवाज दोन्ही उतरवतो, शिवाय वजन वाढवतो. तरीही कानात बोळे आणि वर कर्णकवच हवंच.

दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, मात्र आखूड हवा. लांब दस्त्यामुळे मूल मान ताणून दुर्बिणीला डोळा चिकटवतं आणि मागे येणारी दुर्बीण भुवई फोडते. डोळा आणि काच यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहील अशी दुर्बीण निवडावी. दस्त्यामागचा मऊ रबरी पॅड संवेग कमी करत नाही, तो फक्त थांबण्याचा वेळ वाढवतो, जसा झेल घेताना आपण हात मागे नेतो. बळाचं शिखर त्यामुळे बोथट होतं.

सराव .22 वर भरपूर करावा, हरणाच्या रायफलवर मोजकाच. टेबलाशी ओणवं बसून मुलाला बार करायला लावू नये, त्या बैठकीत शरीर मागे झुलू शकत नाही आणि सगळा धक्का खांदाच खातो. रायफलचा नेम जुळवण्याचं काम मोठ्या माणसाने उरकावं. कमी धक्क्याची खास काडतुसं वापरणार असाल तर नेमही त्याच काडतुसांवर जुळवा. त्यांची गोळी मंद असते, आणि नेहमीच्या काडतुसावर जुळवलेल्या दुर्बिणीतून ती शंभर मीटरवरही खाली लागते.