एन्कॉस्टिक: एक नाव, तीन टाइल्स

बॉक्सवर ‘एन्कॉस्टिक’ छापलेलं असलं, तरी आत काय आहे ते आज त्यावरून कळत नाही. भट्टीत भाजलेली माती असेल, कधीच न भाजलेलं सिमेंट असेल किंवा नक्षी छापलेलं पोर्सेलीन असेल. फोटोत तिन्ही सारख्याच दिसतात. बसवण्याआधीची तयारी मात्र तिघींची पूर्ण वेगळी, आणि एकीची दुसरीला केली की काम बिघडतं.

सजावटीच्या टाइलचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या निळ्या टाइल्सपासून होते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या टाइल्स सुंदर आहेतच, पण या घोळाशी त्यांचा संबंध नाही. घोळाचं मूळ तेराव्या शतकातल्या युरोपात आहे. तिथले कारागीर ओल्या मातीच्या लादीवर लाकडी ठसा दाबत, उठलेल्या खळग्यांत पांढरी माती भरत, वरून झिलई देत आणि भाजत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या चॅप्टर हाउसची (मठवासीयांच्या सभेच्या दालनाची) १२५० च्या दशकातली जमीन अशीच आहे. नक्षी वरवर रंगवलेली नाही, तर मातीत उतरलेली आहे, त्यामुळे वरचा थर झिजला तरी खाली तीच नक्षी निघते.

त्या कारागिरांनी या कामाला एन्कॉस्टिक म्हटलं नव्हतं. शब्द ग्रीक, अर्थ ‘भाजून मुरवलेलं’, आणि तो वापरला जाई वितळलेल्या मेणात रंग कालवून काढलेल्या चित्रांसाठी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही जुनी टाइल पुन्हा बनवायला घेतली, तेव्हा तो तिला चिकटवला गेला. यंत्राने अशी टाइल काढण्याचं पेटंट १८३० चं. १८४० मध्ये जवळजवळ कोरड्या मातीची पूड दाबून वस्तू घडवण्याचं पेटंट आलं. ती युक्ती बटणांच्या नादात निघाली, पण टाइलचा धंदा तिनेच बदलला. माती ओली नसली की ती आकसते कमी, आणि मापं बऱ्यापैकी सारखी येतात. तरी भट्टीत थोडा फरक पडतोच. आजच्या बॉक्सवर कॅलिबर (भाजल्यानंतरचं नेमकं माप) आणि शेडचा (रंगछटेचा) नंबर असतो तो त्याचसाठी. दोन नंबरांचे बॉक्स एका खोलीत घेऊ नयेत. ब्रिटिश संसदेच्या इमारतीत आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये या टाइल्स लागल्या आणि नाव पक्कं झालं. इथवर निदान भाजण्याचा संबंध तरी होता.

खरी गफलत सिमेंटच्या टाइलने केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण फ्रान्समध्ये ही टाइल निघाली. साच्यात पितळी पट्ट्यांची चौकट ठेवायची, प्रत्येक कप्प्यात वेगळा पातळ रंग ओतायचा, चौकट अलगद उचलायची, मागे सिमेंट-वाळूचं कोरडं मिश्रण घालून दाब द्यायचा. मग पाण्यात मुरवायची आणि सावकाश वाळवायची. भट्टी कुठेही नाही. स्पॅनिशमध्ये तिला ‘हायड्रॉलिक टाइल’ म्हणतात. तेही पाण्याने घट्ट होणाऱ्या सिमेंटमुळे की दाब देणाऱ्या यंत्रामुळे, यावर दोन मतं आहेत. इंग्रजी बाजाराने मात्र तिला सरळ ‘एन्कॉस्टिक’ करून टाकलं. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर खोल असतो, एवढंच साम्य. माझ्या मते हे नाव निव्वळ चुकीचं आहे, पण आता ते निघणार नाही.

चुकीच्या नावाचा भुर्दंड तयारीत बसतो. ‘टाइल बसवण्याआधी पाण्यात भिजवा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि तो खोटा नव्हता. भिंतीच्या जुन्या टाइलचं अंग सच्छिद्र असे. दहा टक्क्यांहून जास्त पाणी ती शोषे. कोरडी लावली तर खालच्या सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी ओढून घेई, सिमेंट नीट धरत नसे आणि वर्षभरात टिचकी मारली की पोकळ आवाज येई. १९५० च्या दशकात पातळ थराचे चिकट माल आले आणि भिजवण्याची गरज सरली. पोर्सेलीन तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी घेतच नाही. ती भिजवली की मागे पाण्याचा थर राहतो आणि पकड उलट ढिली होते.

सिमेंटच्या टाइलला लागतो तो सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारा द्रव, आणि तोही सांधे भरण्याआधी. फिकट टाइलवर गडद ग्राउट (सांधे भरायचा माल) सीलरशिवाय फासलेलं मी पाहिलं आहे. प्रत्येक टाइलभोवती करडी चौकट उमटली होती, शोकपत्रिकेसारखी. मग कुणीतरी ती काढायला ॲसिड आणलं, आणि ॲसिडने चौकट ठेवून रंग खाल्ला.

ओळखण्याची खूण सोपी आहे. टाइल उलटी करून मागे पाण्याचा थेंब टाकावा. सिमेंट तो पिऊन टाकतं, पोर्सेलीनवर तो तसाच बसून राहतो. कडेकडे पाहावं: रंग काही मिलिमीटर खाली उतरलेला दिसला तर नक्षी भरीव, नाहीतर छापील.

छापील टाइलची कथा अगदी अलीकडची. १९९० च्या दशकापर्यंत नक्षी जाळीने किंवा रुळाने उमटे, म्हणजे यंत्राचा टाइलला स्पर्श होई. २००० साली स्पेनमध्ये शाईचे थेंब उडवून छापणारं औद्योगिक यंत्र आलं आणि पुढच्या दशकात ते सगळीकडे पसरलं. मग कुठलंही चित्र पोर्सेलीनवर आलं, त्यात सिमेंटच्या जुन्या टाइलचंही. झिजलेले कोपरे, उडालेला रंग, ओरखडे, सगळं छापून मिळतं. फक्त या झिजेचे नमुने ठरावीक असतात. सहा असले तर सातव्या टाइलला पहिलीचाच ओरखडा. म्हणून तीन-चार बॉक्स एकदम उघडून टाइल्स मिसळायच्या, जमिनीवर कोरड्या मांडायच्या आणि एकाच जागी झिजलेल्या दोन शेजारी आल्या की एक फिरवून ठेवायची.