छागलीतला समुद्र

२०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरा काठांवर आल्या, शेतातलं उभं सोयाबीन पाण्यात गेलं, आणि फोनाफोनी एकच वाक्य फिरू लागलं: असा पाऊस शंभर वर्षांत झाला नाही. असेलही तसं. पण शंभर वर्षांचं म्हणायचं तर शंभर वर्षांचा हिशेब कुणीतरी लिहून ठेवलेला पाहिजे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर ते ठरत नाही. बहात्तरचा दुष्काळसुद्धा प्रत्येक घरात वेगळा सांगतात.

हा हिशेब आहे. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं, आणि देशभरच्या नोंदी आज पुण्याच्या राष्ट्रीय विदा केंद्रात सांभाळल्या जातात. पण आपल्या पावसाचा अर्धा हिशेब जमिनीवर नाहीच, तो जहाजांच्या वह्यांमध्ये आहे.

१८५३ मध्ये ब्रुसेल्सला समुद्री देशांची बैठक झाली. अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू मॉरी यांचा त्यात पुढाकार होता. सगळ्यांच्या जहाजांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवायच्या असं तिथे ठरलं: वारा, हवेचा दाब, हवेचं तापमान, समुद्राच्या पाण्याचं तापमान. त्या आणि त्याआधीच्या वह्यांमधले आकडे आता एका आंतरराष्ट्रीय संग्रहात एकत्र केलेले आहेत. त्यातली सगळ्यात जुनी नोंद १६६२ ची आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीतली.

लातूरच्या शेतकऱ्याला त्याचं काय? प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पट्टा काही महिने सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा जास्त तापलेला राहिला की त्याला एल निनो म्हणतात. १८७७, १८९९, १९७२, २०१५ ही सगळी एल निनोची वर्षं, आणि आपल्याकडे दुष्काळाचीही. २०१५ च्या पाठोपाठ २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. एल निनो आला की दुष्काळ पडतोच असं मात्र नाही. १९९७ चा एल निनो फार मोठा होता, तरी देशाचा मान्सून सरासरीइतका झाला. शक्यता वाढते, एवढंच म्हणता येतं. पण १८७७ मध्ये ना उपग्रह होता, ना तरंगतं यंत्र. पाणी तेव्हा तापलं होतं हे कळलं कसं? खलाशाने बादली समुद्रात सोडली, पाणी वर ओढलं, त्यात तापमापक बुडवला आणि आकडा लिहिला.

आता या बादलीकडे जरा निरखून पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी बादल्या मागे पडत गेल्या आणि कॅनव्हासच्या आल्या. पूर्वी ट्रकला आणि जीपला पाण्याची कापडी छागल टांगलेली असायची, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. किती? एक ग्रॅम पाणी उडालं तर सुमारे ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने गार होतं. म्हणजे पाच-सहा लिटरच्या बादलीतून जेमतेम दोन चमचे पाणी उडालं की तिचं तापमान एका अंशाने उतरलं. लाकडी बादलीत हे कमी होतं, कॅनव्हासमध्ये जास्त. आगबोट वेगाने जाते, तिच्या डेकवर वारा जास्त, म्हणून तिथे आणखी जास्त. खलाशाने लिहिलेला आकडा प्रामाणिक होता, पण तो समुद्राचा नव्हता, छागलीतल्या पाण्याचा होता. फरक अंशाच्या काही दशांशांचा. आणि एल निनो ठरतो अर्ध्या अंशावर!

ही चूक दुरुस्त करायला बादली वर आल्यावर तापमापक वाचेपर्यंत किती मिनिटं गेली ते हवं. ते कुणीच लिहिलेलं नाही. १९९५ मध्ये ब्रिटिश हवामान खात्यातल्या फॉलंड आणि पार्कर यांनी ती मिनिटं ज्या युक्तीने काढली, ती मला विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. बादली सगळ्या ऋतूंत सारखी गार होत नाही. हिवाळ्यात कोरडा, थंड वारा उबदार समुद्रावरून वाहतो तिथे ती झपाट्याने गार होते. उन्हाळ्यात कमी. त्यामुळे जुन्या वह्यांमध्ये समुद्राच्या हिवाळा-उन्हाळ्यातलं अंतर आजच्या मोजणीपेक्षा वेगळं दिसतं. मग गणितात मिनिटं धरत जायचं: दोन धरली तर दुरुस्तीनंतर ऋतूंचं अंतर किती राहतं, तीन धरली तर किती, चार धरली तर किती. ज्या मिनिटांना ते अंतर आजच्या अंतराशी जुळेल, ती मिनिटं खरी. मग कुणीही न लिहिलेला वेळ आकड्यांमधूनच बाहेर येतो. बादलीचा आकार, वाऱ्याचा वेग, हवेतली आर्द्रता, ऊन हे सगळं त्या समीकरणांत असतंच.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक गोष्ट घडली. रात्री डेकवर कंदील धरून तापमापक वाचणं जिवावरचं होतं, म्हणून इंजिन गार करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान जास्त प्रमाणात लिहिलं जाऊ लागलं. ते पाणी इंजिनखोलीत थोडं तापलेलं. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजांच्या बादल्यांचे आकडे पुन्हा वाढले, आणि १९४५ च्या अखेरीला आलेखात जगाचा समुद्र सुमारे ०.३ अंशाने एकदम गार झालेला दिसू लागला. त्या उडीचं कारण २००८ मध्ये नीट उलगडलं.

अशा दुरुस्त्यांवरून तापमानवाढ ‘आकडे फिरवून’ दाखवतात असा आरोप होतो. बादलीच्या दुरुस्तीने जुना समुद्र वह्यांतल्या आकड्यांपेक्षा गरम ठरतो, म्हणजे एकूण वाढ कमी होते. आरोप करणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं. आपल्याकडे दरवर्षी नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावरून पावसाचा अंदाज सांगतात. तो किती वर्षं चुकला याची वहीच कुणी ठेवत नाही, मग तपासायचं काय?

वही म्हटल्यावर घरचं आठवतं. एका तहसील कार्यालयात मला पावसाची जुनी नोंदवही चाळायला मिळाली. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायचा, पाऊस नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. काही रविवारी रकाना कोराच होता आणि सोमवारी मोठा आकडा. कोरा म्हणजे निरंक नव्हे. ४० आणि ३५ मिलिमीटर असे दोन दिवस पडलेला पाऊस एका दिवसाखाली ७५ होतो, आणि ६५ च्या वर गेला म्हणून अतिवृष्टी ठरतो. एका पानावर शेऱ्यात ‘मापकास गळती आहे’ असं लिहिलेलं होतं. पुढच्या तीन आठवड्यांचे आकडे त्या तीन शब्दांशिवाय वाचताच येणार नाहीत.

ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत सुमारे १६,००० लोकांनी घरी बसून पावसाच्या जुन्या कागदांवरचे ५० लाखांहून जास्त आकडे १६ दिवसांत संगणकात भरले. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना हे जमेल. निजामकाळातले महसुली कागद उर्दूत आहेत, त्यांतली सालं फसली, म्हणजे महसुली सनातली (त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो), आणि ते सहज वाचणारी पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. तेव्हा लवकर करावं. आणि पानांचे फोटो काढताना फक्त आकड्यांचे रकाने घेऊन थांबू नये, शेऱ्याचा रकानाही पूर्ण घ्यावा.