वर्गातला खेळ आणि रकान्यातली ‘कृती’

वर्गात खेळ घ्यावा की नाही, यावर आता कुणी भांडत नाही. भांडण होतं ते ‘कृती’ कशाला म्हणायचं यावर. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हा शब्द तासाभरात पन्नास वेळा ऐकू येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ तोच असतो असं नाही.

फार मागे जायचं कारण नाही. गिजुभाई बधेकांचं भावनगरचं 1920चं बालमंदिर, गांधीजींच्या नई तालीमची 1937ची वर्ध्याची परिषद, 1945 साली बोर्डीत सुरू होऊन पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेलं ताराबाई मोडकांचं बालशिक्षणाचं काम हे सगळं डी.एड.ला पाठ केलेलं असतं. इथे एवढंच लक्षात ठेवायचं की वर्ध्याची कृती म्हणजे टकळी आणि कापूस, उपयोगी वस्तू तयार करणारं काम. कोसबाडची कृती म्हणजे गुरं राखणाऱ्या पोरांच्या हाताशी असलेल्या बिया, पानं, शंख-शिंपले. ‘कृती’ हा शब्द तेव्हा कुणी फारसा मिरवत नव्हतं.

शब्द मिरवायला लागला 1990 नंतर. दप्तराच्या ओझ्यावरचा केंद्र सरकारचा अहवाल 1993चा. त्याच्या पुढच्या वर्षी मराठवाड्यातल्या पाच जिल्ह्यांत बाहेरच्या निधीतून प्राथमिक शिक्षणाचा मोठा कार्यक्रम आला आणि त्याच्या आगेमागे ‘आनंददायी शिक्षण’ हा शब्द रुळला. पन्नाशीतले गुरुजीही प्रशिक्षणात गोल करून कृतिगीतं म्हणू लागले. हसण्यावारी नेलं गेलं खरं, पण पहिलीच्या वर्गात टाळी आणि ठेका तेव्हा आला तो गेला नाही.

खरा फरक 2010 साली पडला. शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिलला लागू झाला. मुलानं करून, शोधून शिकावं हे त्याच्या कलमातच लिहिलेलं. मग 20 ऑगस्टला राज्याचा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय निघाला. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर करायच्या, मूल्यमापनाची साधनतंत्रं आठ, त्यातलं एक ‘उपक्रम/कृती’. म्हणजे खेळाला नोंदवहीत रकाना मिळाला. रकाना मिळाला की गुण आले, गुण आले की तपासणी आली. ज्या गोष्टीची नोंद ठेवायची नाही असा खेळ त्यानंतर वर्गात घेणं अवघड झालं. हे माझं मत आहे, पण मी ते बऱ्याच शिक्षकांकडून ऐकलेलं आहे.

सगळ्यात जास्त गुंता पुढच्या टप्प्यात. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) एका विस्तार अधिकारी बाईंच्या पुढाकारानं पहिली-दुसरीचे वर्ग बदलले. बाकं बाहेर गेली, मुलं गटानं जमिनीवर बसली. भिंतीला मुलांच्या उंचीचे फळे आले. शंभर मण्यांची माळ, काड्यांचे दशकाचे गठ्ठे, शब्दपट्ट्या, शब्दडोंगर असं साहित्य मुलांच्या हातात आलं. मुलं वाचू लागली, बेरजा करू लागली. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. 22 जून 2015 रोजी प्रत्येक मूल शिकावं यासाठीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, आणि कुमठ्याला जे काम सावकाश उभं राहिलं होतं ते सगळीकडे एकदम उभं करायची घाई सुरू झाली.

या घाईत ‘ज्ञानरचनावाद’ या शब्दाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. मूल आपल्या अनुभवातून ज्ञान स्वतः रचतं, असं मानणारा हा विचार. 2005च्या राष्ट्रीय आराखड्यात तो ठळकपणे आला होता. 2016च्या सुमाराला मात्र ‘आमची शाळा शंभर टक्के ज्ञानरचनावादी झाली’ याचा अर्थ ‘आमची फरशी रंगवून झाली’ असा होता. तळफळा म्हणतात त्याला. ऑईलपेंटनं आखलेला एक ते शंभरचा तक्ता, सापशिडी, बाराखडीचं चक्र. पैसे लोकवर्गणीतून, नाही जमले तर गुरुजींच्या खिशातून. एका गावचा तळफळा दुसऱ्या गावी जसाच्या तसा उतरवला जाई. प्रत्येक मूल आपलं ज्ञान आपण रचतं असं सांगायचं आणि सगळ्यांना एकच आखणी द्यायची, हा विरोधाभास तेव्हाही काहींनी बोलून दाखवला. त्यांना ‘नकारात्मक’ म्हटलं गेलं.

दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. कित्येक वर्गांत मुलांच्या हाती साहित्य पहिल्यांदा आलं ते याच काळात. तोवर ते कपाटात कुलूपबंद असे, हरवलं तर भरून कोण देणार म्हणून. रंग दोन-तीन पावसाळ्यांत उडाला. पण मण्यांची माळ आणि काड्यांचे गठ्ठे अजून वापरात दिसतात. तळफळ्याची चेष्टा करणाऱ्यांनी तेवढं तरी मान्य करावं.

इकडे ‘कृती’ माध्यमिकला पोचली ती भलत्याच वेशात. मार्च 2019च्या दहावीला भाषा विषयांची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली. ‘सूचनेनुसार कृती करा’ म्हणजे उतारा वाचून चौकटी भरा, आकृतिबंध पूर्ण करा. पोरगं बाकावरून हलतही नाही, तरी ती कृतीच. मग कृतींची गाईडं आली, कृती पाठ होऊ लागल्या.

2020च्या राष्ट्रीय धोरणानंतर पायाभूत स्तरासाठी, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, पुन्हा खेळ, खेळणी, गोष्टी यांवर भर आला. 2024 साली राज्यानं पहिली ते आठवीसाठी खेळ आणि उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आणला. बहुतेक जिल्हा परिषद शाळांत शनिवारची शाळा सकाळची, अर्ध्या दिवसाची. तेवढ्यात पोषण आहारही वाटायचा असतो.