थंडीतला टायर आणि चिक्कीचा पाक

नोव्हेंबरमधे भाच्याचा फोन आला. तो इंग्लंडमधे कॉव्हेंट्रीला शिकतो, मी जवळच लेस्टरला असतो, तासाभराचंही अंतर नाही पण आमचं सगळं बोलणं फोनवरच आणि त्यातलं बरंचसं बाईकबद्दल. म्हणाला, "मामा, एक जण रेस कंपाउंडचे टायर अर्ध्या किमतीत देतोय, जेमतेम दोन सेशन वापरलेत. ट्रॅकचे टायर मऊ असतात, चिकट असतात, मग आता थंडीत रस्ता निसरडा असताना तेच लावले तर जास्त सेफ नाही का? मार्चमधे ट्रॅक डेला पण तेच चालतील, वेगळा सेट घ्यायला नको."

(कंपाउंड म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण आणि ट्रॅक डे म्हणजे आपली बाईक रेसच्या ट्रॅकवर नेऊन चालवायचा दिवस.) मी म्हटलं पैसे देऊ नकोस अजून, आधी ऐक. कारण हाच हिशोब मी काही वर्षांपूर्वी केला होता. जानेवारीतली सकाळ, ४ डिग्री, रस्ता कोरडा, घरापासून दोन मैलांवरचा राउंडअबाउट, स्पीड जेमतेम सायकलच्या दुप्पट, आणि मागचं चाक असं निघून गेलं की कोणीतरी खालून सतरंजी ओढावी. पडलो, कोपर सोलवटलं, बाईकचं हँडल वाकलं. बाजूला घेऊन टायर बघितला तर नक्षी पूर्ण शाबूत, हवा बरोबर. मग रबरावर नख दाबून बघितलं आणि ते रुतेचना. त्याच टायरमधे उन्हाळ्यात ट्रॅकवरून आल्यावर नख लोण्यासारखं गेलं होतं. तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही.

गैरसमज असा आहे की मऊपणा हा टायरचा कायमचा गुण आहे, म्हणजे कापूस जसा मऊ तसा हा टायर मऊ. तसं नसतं. रबर मऊ आहे की कडक हे दोन गोष्टींवर ठरतं, ते किती गरम आहे आणि तुम्ही त्याला किती पटकन दाबताय. पहिली गोष्ट सगळ्यांना पटते, दुसरी कोणी लक्षातच घेत नाही आणि खरी गंमत दुसरीतच आहे.

आधी एक बारीक मुद्दा. थंडीत खोबरेल तेल गोठतं तसं रबर गोठत नाही. तेल गोठतं तेव्हा त्याचे रेणू शिस्तीत रचले जातात आणि ते एका ठरावीक तापमानाच्या आसपास होतं. टायरच्या रबरात रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, शेवयांच्या गुंत्यासारख्या, आणि त्या सतत वळवळत असतात. थंड होत गेलं की वळवळ मंदावते, गुंता आहे तसाच राहतो पण हलायला वेळ लागायला लागतो, आणि एका पातळीखाली साखळ्या जवळपास थिजतात आणि रबर काचेसारखं कडक होतं. याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या घरात आहे, चिक्की. आई गुळाचा पाक करायची तेव्हा वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकायची, थेंब गार झाला की बोटांनी मोडून बघायची, कट्कन तुटला की म्हणायची झाला पाक. ती त्या वाटीत ग्लास ट्रान्झिशनच तपासत होती. कढईत वाहणारा पाक, गार पाण्यात काच. पण याच्या मधे एक अवस्था असते जी लहानपणी आम्ही सगळ्यांनी खेळून बघितलीये, चिक्की अजून कोमट असते, तिचं टोक धरून हळूहळू ओढलं की तार निघते आणि तेच टोक झटका देऊन ओढलं तर तुटतं. तापमान तेच, पाक तोच. फक्त घाई केली तर तो थंड असल्यासारखा वागतो.

हे वाक्य दोनदा वाचा, कारण अख्खं टायर कंपाउंडचं शास्त्र यावर उभं आहे. पटकन दाबणं म्हणजे थंड करणं. साखळ्यांना हलायला वेळ लागतो, तेवढा वेळच दिला नाही तर त्यांच्या दृष्टीने त्या थिजलेल्याच आहेत. १९५५ मधे विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी याचं गणित मांडलं, वेळ आणि तापमान यांची अदलाबदल कशी करायची त्याचं समीकरण. ढोबळ हिशोब असा की दाबण्याचा वेग दहापट केला की रबराला ते पाच ते दहा डिग्री थंड केल्यासारखं वाटतं.

आता टायरला कोण पटकन दाबतं? दोन जण. एक म्हणजे चाकाचं फिरणं. ताशी १०० किलोमीटरला बाईकचं चाक सेकंदाला साधारण पंधरा वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला पंधरा वेळा रस्त्यावर चपटा होऊन परत गोल होतो. हे हळू काम झालं. दुसरा म्हणजे रस्त्याचा खडबडीतपणा. वळताना किंवा ब्रेक मारताना रबर रस्त्यावर किंचित सरकत असतं, खडीचे दाणे त्यात घुसतात आणि निघतात, सेकंदाला हजार वेळा, आणि त्या खडीच्या पाठीवर जी अजून बारीक, मायक्रॉनमधे मोजायची खरखर असते ती तर लाखो वेळा. ग्रिपचा मोठा हिस्सा इथून येतो. रबर दाण्याच्या पुढच्या बाजूला दाबलं जातं, मागच्या बाजूला लगेच परत फुगत नाही, रेंगाळतं, त्यामुळे दाण्याच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी, आणि हा फरकच तुम्हाला धरून ठेवतो. या रेंगाळण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. रबर एकदम स्प्रिंगसारखं असेल, लगेच परत येणारं, तर फरक नाही आणि हा पकडीचा भाग नाही. काचेसारखं असेल तर दाणा घुसतच नाही, तरी पकड नाही. पकड मधल्या अरुंद पट्ट्यात आहे, ग्लास ट्रान्झिशनच्या थोडं वर, जिथे साखळ्या हलतात पण कुरकुरत हलतात.

थोडे आकडे टाकतो, ज्यांना नकोत त्यांनी पुढच्या पॅराला जावं. समजा रस्त्याच्या टायरचं रबर सावकाश मोजल्यावर उणे ५० डिग्रीला काच होतं. सेकंदाला दहा लाख ठोके या वेगाने दाबलं तर वरच्या समीकरणाने ही काच होण्याची रेषा साधारण ४४ डिग्री वर सरकते, म्हणजे उणे ६ च्या आसपास. आता समजा ट्रॅकच्या रबराची रेषा उणे २० ला आहे, ती सरकून अधिक २४ ला येते. ब्रिटनमधली जानेवारी, टायर ५ डिग्रीवर. रस्त्याचा टायर आपल्या रेषेच्या ११ डिग्री वर आहे, म्हणजे बरोब्बर कुरकुरणाऱ्या पट्ट्यात. ट्रॅकचा टायर आपल्या रेषेच्या १९ डिग्री खाली, रस्त्याच्या बारीक खरखरीपुरता तो प्लॅस्टिकची बादली झालाय. आता उलटं करा, दोघांना जुलैच्या ट्रॅकवर ८० डिग्रीला न्या. ट्रॅकचा टायर रेषेपासून ५६ वर, अजून रेंगाळतोय. रस्त्याचा ८६ वर, तो आता स्प्रिंग व्हायला लागलाय आणि वरून तापून मऊ पण पडलाय, रायडर ज्याला टायर ग्रीसी झाला म्हणतात ते हेच.

म्हणजे "जास्त ग्रिपचा टायर" अशी वस्तूच नाही, अमुक तापमानाला जास्त ग्रिपचा टायर एवढंच असतं. रेसच्या बिननक्षीच्या स्लिक टायरला वॉर्मर, म्हणजे विजेवर तापणारं पांघरूण, गुंडाळून ८० डिग्रीच्या आसपास तास तासभर का तापवतात ते आता कळेल. रस्त्यावर ती उष्णता येणार कुठून? मी हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने माझे टायर मोजत असतो, हिवाळ्यात ओल्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवून सुद्धा पृष्ठभाग पंधराच्या आसपास घुटमळतो. पाणी सगळी उष्णता पिऊन टाकतं. आणि ते झिगझॅग करून टायर तापवणं, जे टीव्हीवर फॉर्म्युला वनवाले करतात म्हणून आपले लोक रस्त्यावर करतात, बाईकवर त्याने काही होत नाही, टायर तापतो तो त्याचा सांगाडा वाकल्यामुळे, सरळ रेषेत ब्रेक मारून आणि थ्रॉटल देऊन.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं त्यात पण हेच होतं. त्या सकाळी २ डिग्रीच्या आसपास गारठा होता, बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी रिंगने लगेच परत फुगून फट बुजवायला हवी होती, ती उशिरा फुगली. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बुडवला आणि दाखवलं की चिमटा काढल्यावर ते काही क्षण तसंच दबलेलं राहतं. रबर तुटलं नव्हतं, फक्त मंद झालं होतं.

मग हिवाळ्यात पण चालेल आणि ट्रॅकवर पण नांगी टाकणार नाही असा टायर करायचा कसा? उत्तर वाळूच्या भावंडात सापडलं, सिलिका. रबराला ताकद द्यायला शंभर वर्षांपासून काजळी घालतात, कार्बन ब्लॅक, टायर काळा त्यामुळेच, त्याच्या आधी टायर पांढुरके असायचे. सिलिका घातली तर कमी तापमानात आणि ओल्यात पकड वाढते, पण सिलिकाच्या कणाला पाणी प्रिय आणि रबर तेलकट, दोघांचं जमत नाही, कण आपापसात गोळे करून बसतात. म्हणून सायलेन नावाचा रेणू घालतात ज्याचं एक टोक सिलिकाला धरतं आणि दुसऱ्या टोकातलं गंधक रबराच्या साखळीला. मिशलिनने १९९२ मधे कारसाठी असे टायर बाजारात आणले, नंतर ते बाईकला आले. कणांचे गोळे नीट फोडले गेले की फिरण्याच्या हळू ठेक्याला रबर कमी ऊर्जा खातं आणि खरखरीच्या जलद ठेक्याला जास्त, म्हणजे एकाच रबराने दोन वेगवेगळ्या घड्याळांना दोन वेगवेगळी उत्तरं द्यायची. लॅबमधे तर थंडीतल्या ट्रॅकवर न जाता ओल्यातली पकड आधीच सांगतात, रबर ० डिग्रीला सेकंदाला दहा वेळा हलवून त्याचं रेंगाळणं मोजतात, कारण हळू आणि थंड म्हणजेच जलद आणि गरम. मला हे दर वेळी नव्याने आवडतं.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, एकच सेट परवडणार असेल तर स्पोर्ट टूरिंग जातीचा घे, मधल्या पट्ट्यात आणि कडेला वेगवेगळं रबर असलेला. मिशलिन रोड ६, मेट्झेलर रोडटेक ०१, ब्रिजस्टोन टी३२ हे सगळे त्या जातीतले. त्यात खाचा जास्त असतात, त्या पाणी तर काढतातच पण रबराचे छोटे ठोकळे हलून हलून स्वतःला तापवतात पण. नवशिक्या किंवा मधल्या ग्रुपमधे असे टायर ट्रॅकवर सुद्धा पुरतात, पंधरा वीस मिनिटांचं सेशन संपेपर्यंत कडा ग्रीसी व्हायला लागतील तेव्हा स्पीड कमी करायचा. आणि खरंच वेगात जायला लागलास की जुनी रिम्स घेऊन ट्रॅकचा दुसरा सेट त्यावर चढव. मार्चमधल्या ट्रॅकवर तर वॉर्मरशिवायच्या रेस टायरपेक्षा हेच बरे. रेसवाल्या रबराला तर कंपन्याच सांगतात की शून्याखाली ठेवू नका, हलवू नका, तडे जातात. वापरलेल्यात अजून एक भानगड, टायर दर वेळी तापून थंड झाला की थोडा कडक होतो, दोन सेशन म्हणजे किती वेळा तापला हे विकणाऱ्यालाच माहीत.

हवेचं पण बघायला लागतं. घरात २० डिग्रीला ३६ पीएसआय भरली तर बाहेर ५ डिग्रीला ती साडेतेहतीस होते, गळती नसताना, निव्वळ थंडीने. नायट्रोजन भरला तरी तेवढीच, हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि वायूचा नियम दोघांना एकच, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तसंच नवीन टायर घातल्यावर चाकाखाली लिंबू ठेवतात, पुण्यात पण आणि इथे लेस्टरमधे पण मी बघितलंय. श्रद्धा म्हणून ठेवा, पण लिंबू चिरडून टायर ५ डिग्रीला मऊ होत नाही आणि "पूजा केलीये, काही होत नाही" म्हणत पहिल्याच वळणावर झोपणारी पोरं मी उचललीयेत. प्रेशर गेज सातआठ पौंडात मिळतो.

पुण्यामुंबईच्या रायडरना हे लांबचं वाटेल. डिसेंबरात पहाटे लोणावळ्याला जाताना १० डिग्री असते, तिथे साधा रोड टायर आरामात चालतो. पण जानेवारीत दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला ट्रॅक डे करणार असाल तर सकाळच्या धुक्यातलं पहिलं सेशन आणि ब्रिटनमधलं यात काही फरक नाही.

भाच्याने रोड टायर घेतले. मार्चमधे आम्ही ब्रँड्स हॅचच्या रेस ट्रॅकला गेलो, त्यातलं छोटं इंडी सर्किट, हवा ७ डिग्री. हे सर्किट घड्याळाच्या दिशेने चालतं, सहा वळणांपैकी चार उजवी, दोनच डावी. शेवटची दोन उजवी, मग सुरुवातीची पॅडक हिल आणि ड्रुइड्स पण उजवीच, म्हणजे सलग चार, आणि मग उतारावर ग्रॅहम हिल बेंड डावीकडे, टायरच्या अशा बाजूवर जी एवढा वेळ नुसती वारा खात होती. जर्मनीच्या साक्सेनरिंग ट्रॅकला मोटोजीपीचे बाईक रेसर अकराव्या वळणावर पडतात ते याचंच उलटं, तिथे सात डावी वळणं झाल्यावर ते उजवं येतं. मी त्याला बजावलं होतं की पहिली तीन लॅप ग्रॅहम हिलला हातचं राखून जायचं. तो आत आला, हेल्मेट काढायच्या आधी मी थर्मामीटर लावला, मागच्या टायरची उजवी कड ५१, डावी ३४. त्याने हातमोजा काढून दोन्ही कडांवर तळवा ठेवला, मग उजव्या कडेवर नख दाबलं, रुतलं. डाव्या कडेवर दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, ही अजून चिक्कीच आहे."