निरीक्षणगृहातलं समुपदेशक पद: अर्ज नेमका कुठे अडतो

समुपदेशक पदाच्या भरतीत छाननी झाली की अपात्रांच्या यादीत वस्त्यांमध्ये मुलांसाठी खरोखर राबलेली माणसं दिसतात. काम येत असूनही ती एका कागदापायी बाहेर राहतात. म्हणून अडणाऱ्या गोष्टींबद्दलच सविस्तर लिहितो.

आधी पद नीट ओळखा. निरीक्षणगृह, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं रिमांड होम. बाल न्याय अधिनियम, 2015 खाली ज्यांची चौकशी सुरू आहे अशा विधिसंघर्षग्रस्त (कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या) बालकांना बाल न्याय मंडळाच्या आदेशाने तिथे ठेवतात. बालगृह वेगळं, तिथली मुलं बाल कल्याण समितीमार्फत येतात. शिवाय मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत समुपदेशक दोन ठिकाणी असतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या पदाला केंद्राच्या निकषांप्रमाणे दरमहा 18,536 रुपये मानधन आहे, तर निरीक्षणगृहासारख्या संस्थेतल्या पदाला 23,170. नाव एकच असल्यामुळे अर्जावर नुसतं 'समुपदेशक' लिहून मोकळे होणारे बरेच असतात. जाहिरातीतला पद क्रमांक आणि संस्थेचं नाव अर्जावरही लिहा, पाकिटावरही लिहा.

कक्षातल्या पदासाठी समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा समुपदेशन यांतली पदवी, नाहीतर समुपदेशन व संवाद या विषयातली पदव्युत्तर पदविका चालते. त्यासोबत किमान एक वर्षाचा अनुभव आणि संगणकाचं ज्ञान लागतं. संस्थेतल्या पदासाठी जाहिरातीत जे छापलंय तेच प्रमाण माना. आठवड्याभराच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र पदविकेच्या जागी लावू नका.

सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते अनुभवाच्या दाखल्यावर. 'यांनी आमच्या संस्थेत चांगले काम केले' एवढ्या एका ओळीचा दाखला छाननीत टिकत नाही. संस्थेचं लेटरहेड, नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, पदनाम, 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' आणि कामाचं स्वरूप हे सगळं त्यावर हवं. 'वय 12 ते 18 मधील मुलांचे वैयक्तिक व गट समुपदेशन, गृहभेटी, पालकांशी संवाद' असं स्पष्ट लिहून घ्या. जाहिराती मात्र 'संबंधित क्षेत्रातील अनुभव' एवढंच छापतात. ते क्षेत्र कोणतं, हे छाननीच्या टेबलावर ठरवण्याऐवजी आधीच छापायला काय हरकत आहे? तोवर कार्यालयाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आपण केलेलं काम दाखवायचं म्हणून काही जण मुलांच्या केस फाइलची झेरॉक्स किंवा फोटो जोडतात. हे अजिबात करू नका. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ची मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि जी गोष्ट समुपदेशकाने जिवापाड जपायची, तीच आपण अर्जात उघडी टाकलेली असते.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांकडे आजच टाका, निवडीची वाट बघत बसू नका. पोक्सो (बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) नियम, 2020 प्रमाणे मुलांच्या संस्थेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी करावी लागते. तुम्ही भाड्याच्या घरात राहत असाल आणि आधारवर गावचा पत्ता असेल, तर पडताळणी तिथेच रेंगाळते. भाडेकरार सोबत ठेवा.

शेवटची तारीख बहुतेक वेळा अर्ज पोहोचण्याची असते, पोस्टात टाकण्याची नव्हे. त्यातही कार्यालयीन वेळ संपली की आवक बंद होते. वय आणि अनुभव कोणत्या तारखेला मोजणार, ते जाहिरातीत वेगळं दिलेलं असतं, तेही बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडायला विसरू नये. मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा यांच्या स्वसाक्षांकित प्रती लागतातच.

नेमणूक कंत्राटी असते आणि कराराची मुदत ठरलेली असते. योजनेचा निधी केंद्र आणि राज्य 60:40 प्रमाणात देतात, त्यामुळे मानधन कुठून आणि कसं येणार हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या. या करारातून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही. 'नंतर कायम करून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातही उभं करू नका.