बँकॉकचं ‘गेस्ट फ्रेंडली’ हॉटेल म्हणजे ‘फॅमिली फ्रेंडली’ नव्हे बरं का

परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी मला बँकॉकच्या एका हॉटेलची लिंक पाठवली. दिवाळीच्या सुट्टीत चौघं जाणार आहेत, नवरा-बायको आणि दोन पोरं, एक सातवीत आणि एक सीनियर केजीत, आणि खाली लिहिलेलं की बघ गं रेट किती कमी आहे आणि सगळे म्हणतायत गेस्ट फ्रेंडली आहे, मग घेऊन टाकू ना? मी लगेच फोनच केला, म्हटलं ताई थांबा, हात जोडते, पैसे भरू नका अजून.

कारण हीच चूक आमच्याकडे होऊन गेलीय. आम्ही गेलो होतो तेव्हा बुकिंग नवऱ्याने केलेलं, रात्री दीडला बसून तीस-चाळीस हॉटेलं चाळली आणि सकाळी चहा पिताना मोठ्या अभिमानाने सांगितलं की बघ, बजेटमध्ये बसतंय, स्विमिंग पूल आहे, आणि लोक लिहितायत गेस्ट फ्रेंडली, म्हणजे पाहुण्यांचं नीट करणारी माणसं दिसतायत. सासूबाई पण खूश, म्हणाल्या आपल्यासारखंच आहे त्यांचं, अतिथी देवो भव. झालं, बुकिंग केलं, तेही नॉन-रिफंडेबल, तेवढेच पाचशे रुपये वाचतात म्हणून.

तर आता नीट सांगते. थायलंडच्या हॉटेलांच्या बाबतीत गेस्ट फ्रेंडली हा शब्द वापरतात ना, त्यातला गेस्ट आपण नाहीच. गेस्ट म्हणजे रूम घेतलेल्या माणसाने रात्री बारमधून वगैरे सोबत आणलेली व्यक्ती. अशा पाहुणीला काही हॉटेलं वर सोडतच नाहीत, काही सोडतात पण जॉइनर फी म्हणून वेगळे पैसे लावतात, ५०० बाट, १००० बाट, कुठे त्याहूनही जास्त, आणि काही हॉटेलं एक पैसा घेत नाहीत, फक्त खाली रिसेप्शनला तिचं ओळखपत्र ठेवून घेतात आणि ती निघाली की वर रूमला फोन करून सगळं ठीक आहे ना विचारतात आणि मग कार्ड परत देतात. ही जी शेवटची पैसे न घेणारी हॉटेलं, त्यांना एकट्या फिरणाऱ्या पुरुषांच्या जगात गेस्ट फ्रेंडली म्हणतात. वेश्याव्यवसाय तिथे कागदावर बेकायदाच आहे, १९९६ चा कायदा आहे त्याच्यासाठी, पण कागद आणि रस्ता यात किती अंतर असतं ते आपल्याला काय कोणी वेगळं सांगायला पाहिजे का.

फॅमिली फ्रेंडली म्हणजे मात्र आपल्याला वाटतं तेच, पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन राहता येईल असं. गंमत अशी की दोन्ही शब्द दिसायला भावंडांसारखे, दोन्हीकडे तीन स्टार, दोन्हीकडे पूल, फोटोत त्याच पांढऱ्या चादरी आणि टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. रेटही जवळजवळ सारखे, उलट पहिल्या प्रकारचं दोन-चारशे बाटने स्वस्तच मिळतं, आणि बाटचे रुपये करताना अडीच-तीनपट धरा म्हणजे पाच रात्रींचे किती होतात ते बघा, मोह होणारच.

आम्ही पोचलो रात्री अकराच्या सुमाराला. लॉबीत सात-आठ गोरे काका, कोणी टीशर्टात कोणी बनियनवर, आणि नटूनथटून येणाऱ्या-जाणाऱ्या मुली. रिसेप्शनवालीने आमच्याकडे, मग सासूबाईंच्या नऊवारीकडे आणि मग झोपलेल्या पोरीकडे असं बघितलं की मला तिथेच कळलं काहीतरी गडबड आहे. सासूबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, किती उशिरापर्यंत कामं करतात गं इथल्या मुली, बिचाऱ्या. मी म्हटलं हो ना. नवरा मोबाईलमध्ये तोंड खुपसून उभा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, आम्हाला कोणी त्रास दिला नाही, कोणी वाकड्या नजरेने बघितलं नाही, स्टाफ गोड होता आणि त्या मुलींपैकी एकीने तर लेकीला चॉकलेट दिलं. म्हणजे असं हॉटेल धोकादायकच असतं असं मी म्हणत नाहीये, ते फक्त आपल्यासाठी बनवलेलं नसतं. पहाटे चारपर्यंत कॉरिडॉरमध्ये दारांची उघडझाप, खालच्या बारचा धडधडाट, सकाळी सातला नाश्त्याला गेलो तर हॉलमध्ये आम्हीच पाच जण कारण बाकी सगळे दुपारी उठणार, लहान मुलाची उंच खुर्ची मागितली तर वेटर हसायलाच लागला. आणि बाथरूमला काचेची भिंत! पलंगावरून आत सगळं दिसतं अशी, पडदा नाही काही नाही. शेवटी दोन बेडशीट सेलोटेपने चिकटवल्या तेव्हा सासूबाई आंघोळीला गेल्या. हे काचेचं प्रकरण मात्र बँकॉकमध्ये चांगल्या फॅमिली हॉटेलांतही असतं हां, तेव्हा बाथरूमचा फोटो बघितल्याशिवाय बुक करूच नका, आणि पडदा आहे का ते झूम करून बघा. टॉयलेटला जेट स्प्रे मात्र जवळजवळ सगळीकडे असतो, त्या बाबतीत थाई लोक आपलेच.

आता ओळखायचं कसं. हॉटेल स्वतःच्या पानावर गेस्ट फ्रेंडली असं सहसा लिहीत नाही, ते लिहितात रिव्ह्यूवाले. तेव्हा रिव्ह्यूमध्ये जॉइनर हा शब्द शोधायचा. ‘नो जॉइनर फी, ग्रेट लोकेशन’ असं तीन-चार लोकांनी लिहिलं असेल तर विषय संपला. मग फिल्टर लावून फक्त फॅमिलीवाल्यांचे रिव्ह्यू बघायचे, दोनशेपैकी चारच निघाले तर त्यातच उत्तर आलं. त्या चारात बाबागाडी, पोरांचा पूल, एक्स्ट्रा बेड, शांत असले शब्द आहेत का बघायचं. हॉटेलच्या नावापुढची फॅमिलीची टिकमार्क मात्र मी धरतच नाही, एका खोलीत तिसरी गादी टाकता येत असेल तरी ती लावतात लोक.

लोकेशनचं जरा सविस्तर सांगते कारण खरी गोम तिथेच आहे. सुखुमवित हा बँकॉकचा लांबलचक रस्ता, त्याला फुटणाऱ्या गल्ल्या म्हणजे सोई, एका बाजूला विषम नंबर आणि समोर सम नंबर. सोई ४ म्हणजे नाना प्लाझा, सोई २१ आणि २३ च्या मधे सोई काउबॉय, ही दोन्ही नुसत्या बारची ठिकाणं, आणि सिलोम भागात तसंच पाटपोंग. या तिन्हीच्या पायाशी असलेलं स्वस्त हॉटेल फॅमिलीने टाळावं, एवढं सरळ आहे. पण पूर्ण एरियावर काट मारू नका, कारण सोई काउबॉयपासून चालत पाच-सात मिनिटांवर असोक स्टेशनचा टर्मिनल ट्वेंटीवन मॉल आहे, एकेक मजला एकेका शहरासारखा सजवलेला, वरचं फूड कोर्ट अगदी स्वस्त, पोरं तिथून निघायला तयार नसतात. पाटपोंगचंही तसंच, तिथून थोडं पुढे गेलं की लुंफिनी पार्क आणि त्यात पाण्याकाठी फिरणाऱ्या मगरीएवढ्या घोरपडी, माझा मुलगा आजही शाळेत सांगतो ते त्या घोरपडींचंच, देवळांचं नाही. म्हणजे तिथे एरियापेक्षा गल्ली बघायची. मॅपवर हॉटेलच्या आजूबाजूला दोनशे मीटरमध्ये काय काय आहे ते बघा, बार, मसाज, बार, बार असं दिसलं तर पुढचं हॉटेल.

दुसऱ्या वेळी आम्ही पाया थाईजवळ राहिलो. सुवर्णभूमी एअरपोर्टवरून एअरपोर्ट रेल लिंक तिथे येऊन संपते, अर्ध्या तासात, जास्तीत जास्त तिकीट ४५ बाट माणशी, आणि तिथूनच बीटीएस म्हणजे वरून जाणारी मेट्रो बदलता येते. ९० सेंटिमीटरच्या आतलं मूल बीटीएसला फुकट. एरिया नोकरदार लोकांचा, संध्याकाळी खाण्याच्या गाड्या, रात्री दहाला सामसूम. प्रातुनामही चालतं, आपल्याकडचे ग्रुप बरेच तिथेच उतरतात, प्लॅटिनम मॉल आणि कपड्यांचा होलसेल बाजार दाराशी, इंडियन जेवण सहज मिळतं, फक्त ट्रॅफिक इतकं की टॅक्सीत बसून मीटर पळताना बघत राहायचं. थोडे जास्त पैसे टाकायचे असतील तर फ्रोम फोंग, तिथे मॉलला लागूनच बेंचासिरी पार्क आहे, पोरांना खेळायला जागा. खाओसान रोड तरुण बॅकपॅकवाल्यांसाठी, तिकडचा गोंगाट वेगळ्या कारणाने पण झोपेचं खोबरं तेवढंच.

पट्टायाला हा प्रश्न दुपटीने लागू होतो. टूरवाले बँकॉक-पट्टाया पॅकेज देतात आणि हॉटेलपुढे ‘सेंट्रल पट्टाया’ एवढंच लिहितात, आता सेंट्रल म्हटलं की आपल्याला दादर किंवा डेक्कन आठवतं, तिथे ते वॉकिंग स्ट्रीट किंवा सोई बुआखाओ या बारवाल्या रस्त्यांच्या आसपास निघू शकतं. टूरवाल्याला हॉटेलचं नाव आणि गल्ली विचारायची, ‘ऑर सिमिलर’ लिहिलं असेल तर सिमिलर म्हणजे कोणतं तेही. जोमतिएन किंवा वरच्या अंगाला नाक्लुआकडे पोरं घेऊन राहायला बरं, मधल्या भागात फिरायला दहा-वीस बाटमध्ये सोंगतेव मिळते, आपल्या सहा सीटर टमटमची मोठी बहीण म्हणा.

आता जॉइनर फीची दुसरी बाजू, जी मला दुसऱ्या ट्रिपमध्ये कळली. आम्हाला वाटलं, जॉइनर फी घेणारं हॉटेल म्हणजे सोवळं, घेऊन टाकू. घेतलं. तिसऱ्या दिवशी माझी मावसबहीण सिंगापूरहून आली, म्हटलं एक रात्र आमच्यातच झोपेल गादीवर, तर रिसेप्शनवाला म्हणतो जॉइनर फी द्या. बहीण आहे म्हणून सांगितलं, पासपोर्ट दाखवले, तो नम्रपणे हसला आणि बिल पुढे केलं. नियम सगळ्यांना सारखा, बुकिंगवर नाव नाही तो जॉइनर. बरं ते नावांसाठी इतके काटेकोर का असतात त्याला कारण आहे, परदेशी माणूस राहायला आला की त्याची माहिती २४ तासांत इमिग्रेशनला कळवावी लागते तिथे, म्हणून तर पोरांचेही पासपोर्ट मागतात. तेव्हा आजी, मावशी, तान्हं बाळ, सगळ्यांना बुकिंग करतानाच धरा, दोन माणसांचं बुकिंग करून पाच जण घुसण्याची महाबळेश्वर स्टाईल चालत नाही.

मुलांच्या वयाचंही तसंच. कुठे ५ पर्यंत फुकट, कुठे १२ पर्यंत, आणि फुकट म्हणजे आहे त्याच बेडवर झोपवलं तर, नाश्त्याचे पैसे वेगळे असू शकतात. ट्रिपल रूम म्हणजे तीन सुटे बेड की एक डबल आणि एक सोफा हेही हॉटेलागणिक बदलतं. स्वस्तात पडतो म्हणून कोणाचा फ्लॅट तीन-चार रात्रींसाठी घेणार असाल तर जपून, हॉटेलचं लायसन्स नसताना ३० दिवसांच्या आत भाड्याने देणं तिथे कायद्यात बसत नाही, बऱ्याच बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी तशी पाटीच असते, आणि पोरं-बॅगा घेऊन वॉचमनशी थाई भाषेत भांडायची हौस कोणाला आहे.

हो, आणि व्हेज लोकांसाठी, हॉटेलच्या नाश्त्यात फळं, ब्रेड, भात मिळतोच, बाहेर पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दिसलं की तिथे खुशाल जा, त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. नुसतं व्हेज व्हेज म्हणून सांगितलं तर भाजीत फिश सॉस येतोच.

तर त्या ताईंना मी एवढं सगळं फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या अगं पण मला वाटतं तू जास्तच घाबरवतेयस, फोटोत तर किती स्वच्छ दिसतंय. मी म्हटलं ठीक आहे, एक काम करा, हॉटेलला सरळ मेसेज टाका की आम्ही दोघं आणि १२ आणि ५ वर्षांची दोन मुलं येतोय, झोपायची सोय कशी असेल आणि मुलांचे काही जास्तीचे पैसे पडतील का. त्यांनी टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा स्क्रीनशॉट आला. हॉटेलवाल्याने अगदी आदराने कळवलेलं, मॅडम, काही काळजी करू नका, आमच्याकडे जॉइनर फी अजिबात नाही, कितीही जण आणा.

त्याखाली ताईंचा मेसेज होता, पाया थाईच्या हॉटेलची लिंक दे.