स्टिमिंग

स्टिमिंग म्हणजे जिवाला शांतवण्यासाठी, लक्ष टिकवण्यासाठी किंवा आनंद मावेनासा झाला म्हणून पुन्हा पुन्हा केलेली तीच ती हालचाल, आवाज वा स्पर्श. हात फडफडवणे, पुढे-मागे डुलणे, एकच शब्द तोंडात घोळवणे, पदराची कड बोटांत चोळत बसणे ही त्याची काही रूपे. ‘सेल्फ-स्टिम्युलेशन’चे हे लघुरूप. स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींत ते ठळक दिसते, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता असलेल्यांतही आढळते. तसे पाहिले तर फोनवर बोलताना कागदावर रेघोट्या ओढणारेही थोडेफार हेच करतात. फरक गरजेच्या तीव्रतेचा.

मराठीत याच्या जवळ जाणारा जुना शब्द आहे : चाळा. ‘हाताला काहीतरी चाळा हवा’ म्हणताना त्यात समजूत असते, पण अनेकवचन झाले की ‘चाळे बंद कर’ अशी दटावणी होते. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या पोराला ‘पाय हलवू नकोस, अशुभ असतं’ असे ऐकवणारी घरे अजून आहेत. वैद्यकाने मात्र बराच काळ दटावणीचीच बाजू घेतली. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेवरील निबंधात ११ मुलांच्या हकिगती दिल्या. त्यांतला पहिला मुलगा ठोकळे, भांडी, जे गोल मिळेल ते गरगर फिरवत बसे. पुढे १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या वर्तनोपचारात अशा हालचाली शिकण्यातला अडथळा ठरल्या. त्या मोडण्यासाठी चापट आणि विजेचे झटकेही वापरले गेले. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेतही पुनरावृत्त हालचाली लक्षणांतच मोडतात. मात्र आवाज, प्रकाश, स्पर्श यांची कमी-अधिक संवेदनशीलताही त्यात निकष म्हणून आली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की स्टिमिंगचा उलगडा होऊ लागतो.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, मिक्सर, बाहेर टीव्ही आणि त्यातच दारावरची बेल. यांतला कुठला आवाज केव्हा येईल ते आपल्या हातात नसते. डुलण्याची लय मात्र आपल्या हातात असते. बाहेरचा गोंगाट वाढला की मन त्या ओळखीच्या लयीला धरून राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ स्वमग्न प्रौढांना याबद्दल विचारले गेले. स्टिमिंगने भावना आवरता येतात, असे त्यांतल्या अनेकांचे म्हणणे होते. लोक काय म्हणतील म्हणून चारचौघांत ते दाबून ठेवावे लागते, हेही त्यांनी सांगितले. हे दाबणे फुकट होत नाही. दिवसभर ऑफिसात हात आवरून बसलेला माणूस घरी येऊन दिवा न लावता तासभर पडून राहतो, तेव्हा घरच्यांना तो आळस वाटतो.

स्वतःसाठी उपाय घडवण्याचे गाजलेले उदाहरण स्वमग्न असलेल्या अमेरिकी पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांचे. अ‍ॅरिझोनात मावशीच्या गुरांच्या फार्मवर त्यांनी पाहिले, की लस टोचण्यासाठी पिंजऱ्यात दोन्ही बाजूंनी दाबून धरलेली काही जनावरे शांत होतात. स्वतः ग्रँडिन यांना माणसाचा स्पर्श सोसत नसे, दाब मात्र हवा असे. म्हणून त्यांनी फळ्या जोडून स्वतःला दाबून घेण्याचे यंत्र बनवले. दाब किती, हे आत बसणाऱ्यानेच ठरवायचे. वजनदार पांघरुणे याच तत्त्वावर विकली जातात. मात्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत अशा पांघरुणांनी स्वमग्न मुलांची झोप वाढली नाही, तरी मुलांना आणि पालकांना साध्या पांघरुणापेक्षा तीच आवडली. आजीची जड गोधडी थंडी सरली तरी न सोडणाऱ्या मुलांच्या घरी याचे नवल वाटू नये.

सगळेच स्टिमिंग निरुपद्रवी नसते. डोके आपटणे, हाताला चावे घेणे, खपली पुन्हा पुन्हा उचकटणे यांवर उपाय करावाच लागतो. त्याआधी दुखण्याचा शोध घ्यावा : ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याचे अचानक सुरू झालेले डोके आपटणे कानाच्या किंवा दाढेच्या ठणक्यामुळेही असू शकते. नुसत्या बंदीने गरज संपत नाही. चावायला हात सोडून रबरी कडे देणे, आपटण्याऐवजी उशीत डोके दाबू देणे, झोपाळ्यावर बसवणे असे पर्याय थेरपिस्ट सुचवतात. कुठला लागू पडेल हे त्या व्यक्तीवर अवलंबून. एकाला झोपाळा शांतवतो, दुसऱ्याला त्यानेच मळमळते.